हाड त्यांचं, मांस आमचं

४ फेब्रुवारी, मंगळवार

त्या डॉक्टरणीने माझे हात दोनदा धुवायला लावले. एकदा धुतले तरी म्हणते, परत धुवा. पंचेचाळीस वर्षं या हातांनी अख्ख्या गावाच्या मानगुटी, पाठी, पोटऱ्या आणि बाळंतिणींची पोटं जागेवर आणली. हिच्या आईचंसुद्धा, पण ते तिला कोण सांगणार. नखं तपासली, साबण लावला आणि वर सांगते काय, "आजी, पोरीच्या मांडीला हात लावायचा नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही. नुसता बर्फ." मग हात धुतले कशाला?

नाव-गाव नंतर लिहायचं ठेवलं होतं, ते आता. मी लेइतू. वय एकाहत्तर. तेव्हाच्या पाद्रीबाईंच्या शाळेत चार इयत्ता, पुढे घरी कामं होती. ही वही वाइओला नावाच्या मुलीने दिली. न्यूझीलंडला शिकून आमच्या बेटावर परत आली आहे, दवाखान्यात माणसांना परत चालायला शिकवते. म्हणाली, पोरीचा गुडघा रोज किती वाकतो ते लिहून ठेवा. पोर म्हणाली, मी नाही लिहिणार. म्हणून मी. वहीच्या पुढून आकडे, मागून माझं. मागची पानं कोणाला दाखवायची नाहीत.

पोर म्हणजे इलोआ, माझ्या लेकीची लेक. एकोणीस वर्षांची. लेक ऑकलंडला कामाला, पोर माझ्याजवळ. शनिवारी चर्चच्या नव्या भिंतीसाठी दगड आणत होतो. माझ्या मुलाचा, सेफोचा, दगडांनी भरलेला ट्रक उतारावरून मागे घसरला आणि इलोआची उजवी मांडी ट्रक आणि भिंतीमध्ये सापडली. हाड मोडलं नाही, फोटो काढून बघितला. मांस आतून फाटलंय, म्हणाली डॉक्टरीण. म्हटलं, मग झालं की. दवाखाना बांधला तेव्हापासून ठरलेलं आहे. हाड त्यांचं, मांस आमचं.

ऑगस्टमध्ये सेफोला घराण्याचं मानाचं नाव मिळणार, तो गावच्या प्रमुखांत बसणार. त्या दिवशी आवा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं मानाचं पेय, सगळ्यांना देतात; त्या कटोऱ्यामागे बहिणीची मुलगी बसते, म्हणजे इलोआ. मांडी घालून, पाठ ताठ, सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत. ज्यांना मांडी घालता येत नाही ते पाय लांब करून वर चटई ओढून घेतात. म्हाताऱ्यांना ते शोभतं. कटोऱ्यामागे चालत नाही.

सहा महिने आहेत. मला सहा आठवडे पुरतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोरीला घरी आणलं. सेफो पहाटेपासून अंगणात बारीक विणीची चटई डोक्यावरून घेऊन बसला होता. चूक ज्याची तो असा बसतो. ज्याचं नुकसान झालं त्याने येऊन चटई उचलली की विषय संपतो. इलोआला उठता येईना, म्हणून तिच्या वतीने मी उचलली. आत माणूस घामाने निथळत होता.

म्हटलं, "ऊठ. तुझ्या ट्रकने केलं ते माझे हात निस्तरतील. जा, तारोचे कंद सोल."

"आई, डॉक्टर म्हणाली चोळू नका."

"डॉक्टरने तुला दूध पाजलं का?"

गेला तारो सोलायला.

नोनूची पानं विस्तवावर धरली, खोबरेल गरम केलं. मांडी काळीनिळी, टम्म. आत रक्त साकळलंय, ते फोडून हलवलं नाही तर तिथेच बसतं. आधी अंगठे, मग कोपर. पोरीने कपडा दातांत धरला. हूं नाही की चूं नाही.

"दुखतं का?"

"नाही, आजी."

दुखत नाही म्हणजे हात बरोबर जागी पडतोय. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ.

पालथं झोपवून पाय वाकवायला सांगितला. टाच आणि ढुंगण यांत चार विती अंतर. चांगल्या पायाचं एक वीत भरतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाइओला घरी आली. आल्या आल्या विचारते, "कोणी चोळलं?"

इलोआ म्हणाली, "नाही."

चर्चमध्ये पहिल्या ओळीत गाणारी पोर, डोळ्यांत बघून खोटं बोलली. शहाणी आहे. घरातलं घरात ठेवते.

"खोबरेलाचा वास येतोय."

"केसांना लावलंय."

वाइओलाने तिचे केस बघितले. ते कोरडे. मग माझ्या हातांकडे बघितलं. बर्फ कसा बांधायचा ते तिसऱ्यांदा दाखवलं आणि गेली. शिकलेल्या माणसांना एक गोष्ट तीनदा सांगायची सवय असते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सूज उतरली आणि आत गाठ लागली. तळहाताएवढी लांब, नीरफणसाच्या दांड्यासारखी कडक. एवढी कडक गाठ माझ्या हाताखाली कधी आली नव्हती. फोडायलाच हवी. आज पूर्ण वजन कोपरावर टाकलं. इलोआच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण विचारलं तर म्हणाली, धूर झालाय. चूल तर विझलेली होती.

चार विती आणि दोन बोटं. उलट वाढलं.

वहीच्या पुढच्या बाजूला चारच लिहिलं. दोन बोटांनी काय होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑकलंडहून लेकीचा फोन. इलोआ तिला म्हणाली, "खूप बरं आहे, आजी बघते सगळं." मग फोन माझ्याकडे दिला. लेक रडत थँक्यू म्हणाली. मला रडणाऱ्या फोनवर बोलता येत नाही. कोको उतू जातोय म्हणाले आणि ठेवला.

साडेचार विती. वही आज उघडली नाही असं समजायचं.

३ मार्च, सोमवार

दवाखान्यात परत फोटो काढला. वाइओलाने तो उजेडाला धरला. मांडीचं हाड सरळ, पांढरं, आणि त्याच्या पुढे मांसात ढगासारखं काहीतरी पांढुरकं.

"हे हाड आहे," ती म्हणाली.

"मोडलं नाही म्हणालात ना?"

"मोडलेलं नाही. हे नवीन आहे. मांसात तयार झालंय."

मला हसू आलं. म्हटलं, "मांसात हाड? मग आता हे तुमचं की आमचं?"

ती हसली नाही. म्हणाली, "जबर मार लागून आत रक्त साठलं, की कधीकधी असं होतं. त्यात वर कोणी जोर लावून रगडलं, तर रक्त पुन्हापुन्हा वाहतं. मग शरीराचा गोंधळ होतो, ते मांसाच्या जागी हाड घडवायला लागतं. आजी, चोळलं होतं का?"

"नाही," इलोआ म्हणाली. मला विचारलेलं, उत्तर तिने दिलं.

मी गप्प बसले. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा. कोणाला कुठे नोंद करून ठेवायची असेल तर ठेवा.

४ मार्च, मंगळवार

आज चोळलं नाही. तेल संपलं होतं.

५ मार्च, बुधवार

तेल आहे. चोळलं नाही.

८ मार्च, शनिवार

बसने दवाखान्यात गेले, एकटी. इलोआला सांगितलं, साबण आणायला जाते. वाइओला दुपारचं जेवत होती. उभ्या उभ्या सांगितलं, "रोज दोनदा. सव्वीस दिवस. शेवटचे तेरा दिवस पूर्ण वजन कोपरावर."

तिने डबा बंद केला. "माहीत होतं," म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशी तुमचे हात धुवायला लावले तेव्हा तुम्ही जे बघितलंत माझ्या डॉक्टरकडे, त्यानंतर कोणाची हिंमत होती?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजी, मार फार मोठा होता. न चोळताही झालं असतं कदाचित."

ही मुलगी चांगली आहे. ते 'कदाचित' म्हणजे माझे लांब केलेले पाय झाकायला चटईच देत होती. मी नाही घेतली.

"कदाचित तुझ्याजवळ ठेव," म्हटलं. "आता काय करायचं ते सांग."

तिने कागदावर दोऱ्या काढल्या. मांस म्हणजे दोऱ्यांची जुडी. मार बसला की दोऱ्या तुटतात, मरतात. रक्तातून सफाईवाले येतात, मेलेलं खाऊन जागा साफ करतात. आणि प्रत्येक दोरीच्या कडेला बारीक बी झोपलेलं असतं. जन्मभर झोपलेलं. दोरी तुटली की ते जागं होतं, वाढतं, एकाला एक चिकटतं, नवी दोरी होते. मी पंचेचाळीस वर्षं मांस चोळतेय, त्यात बी असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तारोसारखं," मी म्हटलं. "देठ मातीत खोचला की सोडून द्यायचा."

"हो."

"आणि मी रोज दोनदा उपटून बघत होते, मूळ धरलं का."

तिने तो दोऱ्यांचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. 

परत आले. इलोआ पायरीवर बसली होती, पाय लांब. विचारलं, "तू बोलली का नाहीस, दुखतंय म्हणून?"

"तुला कोण सांगणार, आजी?"

साबण आणायचा राहिलाच.

२ एप्रिल, बुधवार

वाइओलाचे नियम. गाठीला हात नाही. कोणी पाय दाबून वाकवायचा नाही. इलोआने स्वतःच्या जोरावर वाकवायचा, दुखायला लागलं की थांबायचं. मांस आपल्याच ओढीने ताणलं तर नव्या दोऱ्या सरळ रांगेत बसतात. अजिबात हललं नाही तर नुसता वण होतो, सुकलेल्या गोंदासारखा. थोडं, रोज, स्वतःचं.

आधी पोर घाबरून वाकवत नव्हती, आता थांबत नाही. कपाळावर घाम, ओठ दातांत, ओढतेच आहे.

"थांब."

"अजून एक बोट होईल."

"थांब म्हटलं ना. उद्या."

मी कोणाला थांब म्हणेन असं माझ्या मेलेल्या नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसून परत मेला असता. तिचा पाय एका जागी येऊन थरथरतो, आणि माझे हात आपोआप पुढे होतात. आता मी हात मांडीखाली घेऊन बसते, त्यांच्यावर वजन टाकून. मुंग्या येतात. येऊ देत.

चार विती. खऱ्या.

२७ एप्रिल, रविवार

साडेतीन. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, पहिल्या ओळीत उभं राहता येत नाही म्हणून. मागून गायली. पुढच्या सगळ्या बायका माना वळवून बघत होत्या. गाण्याच्या पुस्तकात बघा म्हणावं.

१४ मे, बुधवार

तुआओई आपल्या नवऱ्याला घेऊन आली. तुआओई म्हणजे आमच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. नवरा नारळाच्या झाडावरून घसरला होता, पोटरी ताजी सुजलेली, गरम. तेलाची बाटली घरूनच आणली होती.

मी सांगितलं, "आज हात लावणार नाही. बर्फ बांध, पाय उशीवर ठेव. सूज आणि दुखणं गेलं की ये."

"अगं लेइतू, चेष्टा करतेस? तू कधी कोणाला परत पाठवलं नाहीस."

"आज पाठवते."

"दवाखान्यासारखं बोलायला लागलीस. तुझे हात गेले वाटतं?"

"हात आहेत. म्हणूनच नाही लावत."

तिचा नवरा बिचारा एका पायावर उभा राहून दोघींकडे बघत होता. त्याला बसायलाही कोणी सांगितलं नाही. तुआओई त्याला ओढत घेऊन गेली. तेलाची बाटली इथेच विसरली.

तीन विती. आज इलोआ दारातून भिंत न धरता आली.

९ जून, सोमवार

गावात काय बोलतात ते आज सेफोने तारोच्या मळ्यात सांगितलं. तुआओईने सुरू केलंय. लेइतूच्या हातातला गुण गेला, कारण तिच्या घरात काहीतरी शिरलंय. इलोआ दिवेलागणीला केस मोकळे सोडून झऱ्यावर गाणं म्हणत होती, तेव्हा कोणीतरी तिच्या मांडीला धरलं. ट्रक नुसतं निमित्त. नाहीतर मांसात हाड कधी उगवतं का?

सेफो म्हणाला, "आई, एका अर्थी बरंच आहे. भुताने केलं म्हटलं की तुझ्या हातांवर काही येत नाही."

"आणि पोरीवर?"

तो खाली बघायला लागला. भुताने धरलं म्हणजे पोरीने काहीतरी केलं असणार. काय केलं, कोणाबरोबर केलं, हे गाव दहा वर्षं विचारत बसेल.

"इलोआला माहीत आहे?"

"तिला कोणीतरी तोंडावरच विचारलं."

"मग?"

"काही बोलली नाही."

घरी आले तर पाय वाकवत बसली होती.  अडीच वितींवर अडकलीय.

३ जुलै, गुरुवार

फोटो काढला. ढग लहान झालाय, कडा स्पष्ट. वाइओला म्हणते, हे नवं हाड पिकलं की त्यातलं थोडं शरीर स्वतःच परत घेतं. सगळं जाईल असं नाही. कापायची आत्ता तरी गरज नाही. चांगल्या मांडीपेक्षा ही अजून बारीक आहे, जिने चढून भरायची. दवाखान्याला जिना एकच. पोर नऊ वेळा वर-खाली करून आली. खालच्या पायरीवर बसलेल्या एका माणसाने विचारलं, काही हरवलंय का?

"हो," म्हणाली, "शोधतेय."

जीभ माझ्यावर गेलीय. बरं झालं.

दोन विती.

१६ जुलै, बुधवार

हे सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून आज कोको आधी पिऊन घेतला.

मंडळाच्या घरात सगळ्या जमलो. ऑगस्टच्या कार्यक्रमात कोण काय करणार ते ठरवायचं होतं. सगळ्या मांडी घालून गोल बसलेल्या. इलोआ खांबाजवळ उभी, बसायला थोडा वेळ लागतो म्हणून. तुआओईने जेवणाचं ठरवलं, हारांचं ठरवलं, मग म्हणाली, "कटोऱ्यामागे माझी भाची बसेल."

आताच्या पाद्रीबाई, म्हणजे पाद्र्यांची बायको, म्हणाल्या, "सेफोच्या बहिणीची मुलगी आहे ना."

"आहे. पण तिच्या पायात कोणीतरी आहे, सगळ्यांना माहीत आहे. तिने आधी इथे सांगावं काय घडलं ते. काय केलंस गं पोरी झऱ्यावर? सांगून टाक, माफी माग, मग बघू." आणि बसायची एक चटई तिच्याकडे सरकवली. "आणि बस. पायावर घे ही."

सगळ्या इलोआकडे बघत होत्या. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड उघडलं. "मी त्या दिवशी..."

मला ते तोंड माहीत आहे. कोरड्या केसांना तेल लावलंय म्हणाली, तेव्हा असंच होतं. चूल विझलेली असताना धूर झालाय म्हणाली, तेव्हाही. ही पोर आता चाळीस बायकांसमोर न केलेलं कबूल करणार होती, आणि ते कोणाला वाचवायला, हे समजायला मला सहा महिने लागले.

मी उठले. चटई उचलली, इलोआच्या पुढ्यात जाऊन बसले आणि डोक्यावरून ओढून घेतली.

आत अंधार आणि शेजारणींच्या ढुंगणांचा वास. आतूनच बोलले. मोठ्याने.

"भूत नाही. झरा नाही. डॉक्टरने सांगितलं होतं, चोळू नका. मी सव्वीस दिवस चोळलं. कोपराने. पोरीला दुखत होतं, मला कळत नव्हतं, म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं. मांसात हाड त्या चोळण्याने आलं. वाइओला म्हणते कदाचित. मी कदाचित म्हणत नाही."

तुआओईचा आवाज आला, "ही काय रीत झाली? आजी नातीपुढे बसते का कधी? आणि चटई तरी धड घे, ही साधी बसायची आहे!"

"बारीक विणीची घरी आहे. आणायला गेले तर तेवढ्यात तू भाचीला बसवशील."

कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं.  चटईखाली वेळ कळत नाही. सेफो त्या दिवशी पहाटेपासून बसला होता, आणि मी त्याला ऊठ म्हणून झिडकारलं होतं.

मग पावलं आली. एक पाऊल जड, एक हलकं. माझ्यासमोर थांबली.

"गरम होतंय," मी म्हटलं. "उचलायची तर लवकर उचल."

तिने उचलली. घडी करून बाजूला ठेवली. आणि माझ्या शेजारी बसायला लागली. खांब नाही, हाताचा टेकू नाही. डावा पाय दुमडला. मग उजवा. टाच आली, थांबली, मांडी थरथरली. माझे हात पुढे व्हायला निघाले, मी ते खाली घेऊन वर बसले. टाच परत सरकली. आत गेली.

मांडी घातली. पाठ ताठ.

पाद्रीबाई म्हणाल्या, "चटई उचलली गेली. विषय संपला. बहिणीची मुलगी बसली आहे. आता हारांना फुलं कोण आणणार?"

तुआओई फुलांचं विचारायला लागली. आवाज जरा खरखरीत होता. निघताना तिने हळूच विचारलं, नवऱ्याची पोटरी अजून आखडते, आता दाखवायला आणू का? म्हटलं, आण. तुझी तेलाची बाटली पण माझ्याकडे पडलीय.

इलोआ कोकोच्या दोन फेऱ्या बसली. तिसरीला पायाला मुंग्या आल्या, तेव्हा तिने पाय सरळ सगळ्यांसमोर लांब केला. चटई घेतली नाही. कोणी दिलीही नाही.

१७ जुलै, गुरुवार

पावणेदोन विती. पुढच्या बाजूला १९ फेब्रुवारीच्या चारवर काट मारून चार विती दोन बोटं लिहिलं, आणि २४ तारखेच्या रिकाम्या ओळीत साडेचार. वाइओलाने वही मागितलीय. पुढची पानं दाखवणार होते. आता मागचीही दाखवणार.

संध्याकाळी लेकीला मीच फोन लावला. सगळं सांगितलं.  कोको उतू जात नव्हता, म्हणून मी फोन धरून ठेवला. शेवटी म्हणाली, "इलोआला दे, तिला विचारते." नाही दिला.

हेच आता घरात सगळ्यांना लागू. सेफो, तुझ्या कार्यक्रमाला बाहेरगावची माणसं येतील, कटोऱ्यामागे बघतील, आणि मांडीला काय झालं ते विचारतील. पोरीला विचारू द्यायचं नाही. तिने ट्रकबद्दल बोलायचं नाही, झऱ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल तर नाहीच. माझ्याकडे पाठवायचं. मी झोपलेली असले तर उठवायचं. मेलेली असले तर ही वही मागून उघडून, पहिल्या पानापासून, मोठ्याने वाचून दाखवायची. उत्तर माझं आहे, मीच देणार.